समोरासमोर काढलेली चित्रं

नवऱ्याची बँकेतून चेन्नईला बदली झाली तेव्हा मला तमिळचा एक शब्दही येत नव्हता. तिरुवान्मियूरला भाड्याची जागा मिळाली. चित्रकलेची पदविका गाठीशी होती, म्हणून पेरुंगुडीच्या बाजूला नव्यानं निघालेल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले. दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. ओल्ड महाबलीपुरम रोडवर तेव्हा एकामागून एक काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि रस्ता कायम कुठे ना कुठे खणलेला असायचा. शाळेतली बहुतेक मुलं त्या इमारतींत नोकरीला असलेल्यांची. घरात एक भाषा, शाळेत इंग्रजी आणि खेळताना तमिळ. मुलं मला 'मिस' म्हणत. त्यांच्याकडूनच मी हळूहळू तमिळ शिकले.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापिकांनी ठरवलं, की नववीच्या मुलांनी शनिवारी दुपारी जवळच्या वृद्धाश्रमात जायचं आणि तिथल्या लोकांबरोबर काहीतरी करायचं. काय करायचं ते माझ्यावर सोपवलं. आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना मी भेटायला गेले, तर त्या म्हणाल्या, "काहीही करा, फक्त केळी आणू नका. प्रत्येक शाळा केळी घेऊन येते, आणि इथे निम्म्या लोकांना मधुमेह आहे. मुलं येतात, गाणं म्हणतात, केळी देतात, फोटो काढतात आणि जातात. आमच्या माणसांना त्या मुलांची तोंडंसुद्धा लक्षात राहत नाहीत."

तोंडं लक्षात राहत नाहीत, हे ऐकूनच मला सुचलं. मी म्हटलं, "मग एकमेकांची तोंडंच काढू या. एक म्हातारं माणूस, एक मूल, समोरासमोर बसवायचं. मुलांनी त्यांचं चित्र काढायचं आणि त्यांनी मुलांचं."

"त्यांनीही?" बाईंना हसू आलं. "त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी सही करण्यापलीकडे हातात पेन धरलेलं नाही."

"चालेल," मी म्हटलं. "पेन्सिलीनं काढू. आणि शेवटी सगळी चित्रं लावून प्रदर्शन करू."

जोड्या ठरवताना एका जोडीवर मी मनातून फार खूश होते. आश्रमात एक मराठी आजी होत्या. मूळच्या तंजावरच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या घराण्यातल्या. यजमान रेल्वेत होते, एग्मोरला क्वार्टरमध्ये संसार झाला. मूलबाळ नव्हतं. यजमान गेल्यावर भाच्यानं इथे आणून ठेवलं होतं. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगानं किरकोळ, समोरचा एक दात पडलेला आणि आवाज मात्र खणखणीत. इतरांसारखीच मुलंही त्यांना 'पाटी' म्हणत. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. मला पहिले काही दिवस शाळेतली लिहायची पाटीच डोळ्यांसमोर यायची.

माझ्या वर्गात एक मराठी मुलगी होती. वडील सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत, आई घरी, राहायला शाळेजवळच्याच एका मोठ्या सोसायटीत. पुण्याहून ती लहान असतानाच हे लोक इकडे आले होते. मुलगी अबोल, हात मात्र सुरेख. तिच्या रेषेत ओढ होती. मी विचार केला, दोघी मराठी, दोघींचं जमेल.

पहिल्या शनिवारी व्हरांड्यात खुर्च्या समोरासमोर मांडल्या, प्रत्येकाच्या मांडीवर क्लिप लावलेला पुठ्ठा दिला. मी त्या दोघींपाशी जाऊन थांबले. आजी मुलीला म्हणाल्या, "बैस गे. तुज घरीं काय म्हणतात? जेवून आलीस कीं नाही?" त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता, आणि 'मला', 'तुला'च्या जागी 'मज', 'तुज'. मी ऐकतच राहिले. मुलगी मात्र गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"मिस, पाटी कोणत्या भाषेत बोलतायत?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"मराठीत," मी म्हटलं.

"हे मराठी नाही," ती ठामपणे म्हणाली. मग आजींना खूश करावं म्हणून तिनं आपलं एक मराठी वाक्य जुळवलं, "मी जेवण केली आहे."

आजी मोठ्यानं हसल्या. "ही कोणची मराठी? असली मराठी आमच्या घरीं कोणी बोललं असतं तर आईनं चिमटा काढला असता!" मग त्यांनी सरळ तमिळमध्ये विचारलं, आणि मुलीनं फाडफाड तमिळमध्ये उत्तर दिलं. त्यानंतर त्या दोघी तमिळमध्येच बोलल्या. मी मनातल्या मनात रचलेला मराठीचा पूल कुणी वापरलाच नाही. तरी पुढच्या शनिवारपर्यंत दोघींची गट्टी जमली होती.

पहिले काही आठवडे म्हाताऱ्यांचे पुठ्ठे कोरेच राहिले. "आम्हाला काय येतंय," म्हणून ते नुसते बसून राहायचे आणि मुलं त्यांना काढायची. एक निवृत्त शाळामास्तर तर मुलाच्या चित्राखाली लिहिलेल्या नावातलं स्पेलिंग तपासून परत द्यायचे. आजींनी मात्र दुसऱ्याच वेळी पेन्सिल उचलली. आधी त्यांनी समोरचा खांब काढला, मग पाण्याची घागर. हात थरथरायचा, त्यामुळे घागरीला पोचे आल्यासारखे दिसायचे. "जुनी घागर आहे," असं म्हणून त्या पुढे जायच्या. त्यांचं बघून इतरांनीही हळूहळू सुरुवात केली.

मुलीनं काढलेलं आजींचं चित्र आधी पूर्ण झालं. फारच देखणं होतं. नऊवारीच्या चुण्या, कानातल्या कुड्या, कपाळावरची विभूतीची रेघ, सगळं कसं नीट. तोंडावरच्या सुरकुत्या मात्र तिनं जवळजवळ काढल्याच नव्हत्या. पडलेल्या दाताच्या जागी बंद, गोड हसू होतं. पातळ झालेल्या केसांचा चांगला जाडजूड अंबाडा झाला होता.

आजींनी चित्र लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं. "फार सुंदर काढलंस," त्या म्हणाल्या. "पण ही कोण गे?"

"पाटी, तुम्हीच!"

"ही मी? ही माझी धाकटी बहीण असेल. लग्न ठरलं तेव्हांची." आजूबाजूचे हसले, मुलगीही हसली. आजींनी ते चित्र उशाखाली ठेवायला नेलं. त्यांना ते आवडलं होतं हे उघड होतं.

मग मुलीला काढायची आजींची पाळी आली. मार्च संपत आला होता आणि व्हरांड्यात वारा येईनासा झाला होता. शाळेच्या नियमाप्रमाणे मुलीच्या दोन वेण्या असत. त्यांतली डावी वेणी ती नेहमी पुढे घेऊन गळ्यावर सोडलेली असायची. मी तिला वर्षभर शिकवत होते, पण ही तिची लकब असेल असंच मला वाटलं होतं. त्या दिवशी उकडायला लागलं तसं तिनं बोलता बोलता दोन्ही वेण्या उचलल्या, डोक्यावर गुंडाळल्या आणि रिबिनीनं बांधून टाकल्या. पाटींना ती काहीतरी गंमत सांगत होती, आपण काय केलं याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. तिच्या कानाच्या खालून गळ्यावरून कॉलरच्या आत गेलेला भाजल्याचा जुना व्रण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कातडी ओढल्यासारखी झाली होती, चकचकीत, कडेला जरा काळपट. मी लगेच दुसरीकडे बघितलं.

आजींनी दुसरीकडे बघितलं नाही. त्या चित्र काढत होत्या. त्यांनी बराच वेळ घेतला आणि मग पुठ्ठा उलटा करून मुलीसमोर धरला.

चित्र वेडंवाकडं होतं. डोळे मोठे, नाक एका बाजूला गेलेलं. पण मुलगी ओळखू येत होती, अगदी तीच होती. आणि गळ्यावर, कानापासून खाली, आजींनी तो व्रण काढला होता. त्याची कड, त्याच्या घड्या, सगळं. चेहऱ्यावर जितकी मेहनत घेतली तितकीच त्याच्यावर.

शेजारचा एक मुलगा वाकून बघत होता. "ए, हे गळ्यावर काय?" त्यानं विचारलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो मुलीकडे वळून बघायला लागला, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोघं-तिघं.

मुलीचा हात आधी गळ्याकडे गेला, मग डोक्याकडे. तिनं रिबीन ओढली, वेण्या खाली पडल्या. आजींच्या हातातून तिनं कागद घेतला, त्याची घडी घातली, दप्तरात टाकला आणि फाटकाबाहेर जाऊन शाळेच्या व्हॅनमध्ये बसली.

आजी माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं? मज चांगलं नाही आलं काय?"

मी म्हटलं, "आजी, तिला तो डाग लपवायचा असतो." त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

संध्याकाळी मुलीच्या आईचा फोन आला. बाई रडवेल्या झाल्या होत्या आणि चिडलेल्याही. "तुम्ही मुलांना तिथे कशाला नेता हो? आम्ही तिला इतकी वर्षं जपलं. तिच्या शाळेत कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. आता सगळ्या वर्गात झालं असेल!" मी माफी मागितली. पुढच्या शनिवारी मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्गात ती माझ्या तासाला मान खाली घालून बसायची आणि फुलांच्या कुंड्या काढायची.

एका शनिवारी मी आश्रमात पोचले तर आजी फाटकाशीच उभ्या. इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. "टीचरम्मा, मज तिच्या घरीं घेऊन चल," त्या म्हणाल्या.

"आजी, तिची आई रागावलेली आहे."

"मग मज रागावूं दे. तुज कशाला रागावते?"

व्यवस्थापक बाईंना सांगून आम्ही रिक्षा केली. वाटेत खणलेल्या रस्त्यात रिक्षा इतकी उडत होती की आजींनी माझा दंड घट्ट धरून ठेवला. सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्या पहिल्यांदाच इतक्या वर चढत असाव्यात. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. दार मुलीच्या आईनं उघडलं. समोर म्हाताऱ्या बाईला बघून तिला रागावता येईना. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आजींनी पिशवीतून डबा काढला. आश्रमाच्या स्वयंपाकघरात आचाऱ्याशी वाद घालून त्यांनी स्वतः पुरणपोळ्या केल्या होत्या, नारळ घालून, त्यांच्या तिकडच्या पद्धतीच्या.

मुलगी आतल्या खोलीत होती. आई हाक मारायला उठली, तर आजी म्हणाल्या, "नको. इथूनच बोलते." आणि त्या बंद दाराकडे तोंड करून तमिळमध्ये बोलायला लागल्या. मला तेव्हा एवढं कळायला लागलं होतं; 'कण्णा' म्हणजे लाडानं 'बाळा'.

"कण्णा, मी ते मुद्दाम नाही काढलं. तुझे डोळे दिसले, डोळे काढले. नाक दिसलं, नाक काढलं. ते दिसलं, ते काढलं. ते तुला नको आहे हे मला कळलं नाही. म्हातारीला सगळं कळतं असं नाही."

मग दाराआडून मुलगी म्हणाली, "मग ते एवढं मोठं कशाला काढलं?"

"नाकही मोठंच आलंय की! माझा हात ऐकतो का? तुझ्या नाकाला तर मी दोनदा खोडलं, तरी ते पळालं."

थोड्या वेळानं दार उघडलं. मुलीचे डोळे लाल होते, पण ओठ हसू आवरत होते. ती आजींच्या शेजारी येऊन बसली नाही, समोर बसली. "मी तुम्हाला किती छान काढलं होतं," ती म्हणाली. "तुमचा पडलेला दातसुद्धा दाखवला नाही."

"हो. आणि मी म्हटलं ही मी नव्हे."

"मग आता जशा आहात तशाच काढते."

"काढ," आजी म्हणाल्या. "सगळं काढ."

मुलीची आई या सगळ्या वेळात स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. तिला तमिळ फारसं येत नव्हतं. निघताना मी तिला लिफ्टपाशी थोडक्यात सांगितलं, तर ती नुसती मान हलवत राहिली.

पुढच्या शनिवारी मुलगी व्हॅनमधून उतरली तेव्हा डावी वेणी पुढेच होती. तिनं पुठ्ठा घेतला आणि आजींच्या समोर खुर्ची ओढली. ती त्या दिवशी जशी चित्र काढत होती तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पडलेल्या दाताची खिंड, अर्धी मिटलेली डावी पापणी, हनुवटीवरचा तीळ आणि त्यातले पांढरे केस, कपाळाच्या वर दिसणारी टाळू, गळ्याची लोंबलेली कातडी. पंधरा वर्षांच्या मुलीचा तो हात आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

तिनं पुठ्ठा फिरवला.

आजींनी चित्र बघितलं. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. खुर्चीच्या हातावर भार देऊन त्या उठल्या आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. चहाची घंटा झाली तरी बाहेर आल्या नाहीत.

मुलगी घाबरली. "मिस, मी काय केलं? त्यांनीच सांगितलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं होतं."

ती उठली आणि आजींच्या खोलीपाशी गेली. मी तिच्या मागे गेले, पण दाराबाहेरच थांबले. आजी कॉटवर बसल्या होत्या. मुलगी आत जाऊन खाली जमिनीवर बसली.

मग आजी म्हणाल्या, "मी इतकी म्हातारी झाल्ये होय?" हे त्या मराठीत म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. मुलीला ते कळलं.

"ठाऊक होतं मज," आजी पुढे म्हणाल्या. "ठाऊक नव्हतं असं नाही. पण कुणी असं समोर धरलं नव्हतं." मग तमिळमध्ये त्या म्हणाल्या, "आता मला कळलं, त्या दिवशी तुला कसं वाटलं ते."

मुलगी रडायला लागली. आजींनी तिला जवळ ओढलं नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही. त्यांनी उशाखालून ते पहिलं, देखणं चित्र काढलं आणि म्हणाल्या, "हे बघ, प्रदर्शनात माझं हेच लावायचं. ते दुसरं तू ठेव. ते चांगलं आहे, मला कळतं. पण मला ते भिंतीवर नको."

मुलीनं डोळे पुसले. "पाटी, मला म्हणालात ना, सगळं काढ!"

"म्हणाले. चूक झाली. पोदुम." पुरे झालं. आणि दोघी एकदम हसायला लागल्या. बाहेर मला हसू आवरेना म्हणून मी चहाच्या टेबलाकडे निघून गेले.

प्रदर्शन आश्रमाच्याच जेवणघरात मांडलं. दोऱ्या बांधून चिमट्यांनी चित्रं लावली. मास्तरांचं चित्र, त्यांनी काढलेलं मुलाचं चित्र, अशी सगळी जोडीजोडीनं. आजींचं देखणं चित्र मी लावलं आणि शेजारची जागा रिकामी सोडली. मुलांचे आईवडील यायच्या जरा आधी मुलगी माझ्याकडे आली आणि दप्तरातून चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला.

"नक्की?" मी विचारलं.

"गळा माझाच आहे ना, मिस," ती म्हणाली. "आणि हे नाकासकट चांगलं आहे."

आजींनी ते बघितलं तेव्हा त्या दोरीवरून ते काढून टाकायलाच निघाल्या. "नको, नको. लोक बघतील."

"बघू दे," मुलगी म्हणाली. "तुमचं तुम्ही ठरवलंत. माझं मी."

तिचे आईवडील आले. वडील मोबाईलवर बोलतच आत शिरले आणि चित्रासमोर येऊन थांबले, फोन खाली झाला. आई मात्र जवळ गेली. घड्यांच्या रेषा पडलेल्या त्या कागदासमोर ती खूप वेळ उभी राहिली. मी जरा दूर होते. आजी तिच्याजवळ गेल्या. काहीतरी बोलावं म्हणून त्या म्हणाल्या, "माझा हात थरथरतो, म्हणून मोठं दिसतं."

"मोठं नाही," आई म्हणाली. "एवढंच आहे." मग ती म्हणाली, "चहाचं पातेलं मीच ओट्याच्या कडेला ठेवलं होतं. ती दीड वर्षाची होती. तेव्हापासून मी तिला आंघोळ घातली, वेण्या घातल्या, पण ही बाजू मी कधी नीट बघितलीच नाही. हात फिरायचा, बघायचे नाही."

तिचं हे मराठी पुण्याचं होतं, भरभर बोललेलं. आजींना त्यातलं किती समजलं कोण जाणे. पण त्यांनी तिचा हात धरला, तिला खुर्चीवर बसवलं आणि आचाऱ्याला हाक मारून कॉफी मागवली. साखर जास्त घालायला सांगितलं. मुलगी लांबून बघत होती. नंतर ती आली आणि आईच्या खुर्चीच्या हातावर बसली.

त्या वर्षानंतर शाळेनं दुसरा उपक्रम घेतला, झाडं लावण्याचा. आश्रमातले शनिवार मात्र थांबले नाहीत. म्हाताऱ्यांना चटक लागली होती. ते एकमेकांनाच काढायला लागले आणि मॉडेल म्हणून कुणी बसायचं यावरून भांडायलाही लागले. मुलगी दहावीच्या अभ्यासातून वेळ काढून अधूनमधून यायची. वेणी कधी पुढे असायची, कधी मागे. मी त्याकडे लक्ष देणं सोडून दिलं.

नंतर नवऱ्याची नागपूरला बदली झाली. सामान बांधून झाल्यावर मी निरोप घ्यायला आश्रमात गेले. आजी फाटकाजवळ खुर्ची टाकून वॉचमनला काढत होत्या. तो बिचारा गाडी आली की उठायचा, फाटक उघडायचा आणि परत येऊन दुसऱ्याच बाजूला तोंड करून बसायचा. आजी त्याच्यावर तमिळमध्ये ओरडत होत्या.

"आजी, मी उद्या जातेय," मी म्हटलं.

"बैस," त्यांनी मान वर न करता म्हटलं. "हा आतां मिशीपर्यंत आलाय. मिशी झाली कीं बोलूं."

मी पायरीवर बसले. तेवढ्यात पुन्हा एक गाडी आली आणि वॉचमन उठला.